भीमथडी घोडा टिकवायचा तर

भीमथडी हा महाराष्ट्राच्या मातीत घडलेला घोडा आहे. भीमेच्या दोन्ही थड्यांवर, म्हणजे पुणे, सोलापूर, सातारा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या कोरड्या माळरानावर त्याची वाढ झाली. दख्खनी तट्टू या नावानेही तो ओळखला जातो. २०२३ सालाच्या अखेरीस कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तोवर मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भूटिया, स्पिती आणि झंस्करी या सातच भारतीय घोड्यांची नोंद झालेली होती. भीमथडी आठवा. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीपासून राजा बढे यांच्या ज्या गीताला राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. गाण्यातून हे नाव घरोघरी पोचले होते. प्रत्यक्ष जनावराची गणना मात्र तोपर्यंत गावठी तट्टांतच होत होती.

हा घोडा उंच नाही. खांद्याजवळ त्याची उंची साधारण १३० सेंटिमीटर भरते. मारवाडी घोडा दीडशेच्या आसपास किंवा वर जातो. बांधा आटोपशीर, पाय काटक, खूर टणक. दगडधोंड्यांच्या वाटेवर ओझे घेऊन दिवसभर चालावे आणि मुक्कामाला मिळेल त्या गवतावर भागवावे, ही त्याची ताकद. सौंदर्यस्पर्धेत तो मागे पडेल, पण घाट चढताना पडणार नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकांत दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला घोडा समुद्रावरून येई. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत अरबी आणि इराणी घोडे उतरत आणि सोन्याच्या भावाने विकले जात. त्या रक्ताचा देशी तट्टांशी संकर होत गेला आणि दख्खनच्या हवापाण्याने त्यातून निवड केली. मराठ्यांच्या स्वारीपद्धतीला नेमके असेच जनावर हवे होते. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पागेचा, म्हणजे सरकारी घोडा मिळालेला बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन आलेला शिलेदार असे दोन वर्ग होते. शिलेदाराच्या घरी घोडा असे, तशी घोडीही असे. शिंगरू अंगणात वाढे. म्हणजे पैदास राजाच्या एका मोठ्या पागेत होत नव्हती. ती गावोगावच्या हजारो दावणींवर होत होती. १७२७-२८ च्या मोहिमेत पहिल्या बाजीरावांनी जालना, माहूर, वाशिम, खानदेश, गुजरात अशी दौड मारून फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडले. तोफखान्याचे आणि बुणग्यांचे लटांबर सोबत नसलेली ही फौज ज्या वेगाने फिरली, त्या वेगाच्या मुळाशी कमी चाऱ्यावर चालणारा घोडा होता.

भीमेकाठापासून दूर, मराठवाड्यातल्या परभणीचाही या इतिहासाशी संबंध आहे; तो हिंगोलीमार्गे येतो. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. एकोणिसाव्या शतकात तिथे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. या फौजेचे घोडदळ 'सिलेदार' पद्धतीचे, म्हणजे मराठ्यांच्या शिलेदारीचाच वारसा चालवणारे: स्वार घोडा स्वतःचा आणणार आणि त्याबद्दल जादा पगार घेणार. १९०३ मध्ये कंटिन्जंट ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि तिच्या रिसाल्यांतून २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स अशी पथके उभी राहिली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत डेक्कन हॉर्सने हाय वूडजवळ घोड्यांवरून हल्ला चढवला. पुढे ही दोन्ही पथके एकत्र झाली आणि आज भारतीय सेनेत 'डेक्कन हॉर्स' हे नाव रणगाड्यांची पलटण चालवते.

घोड्याची उतरण मात्र त्याच्या आधीच सुरू झाली होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली, शिलेदार घरी बसले आणि चांगल्या घोडीचे शिंगरू विकत घेणारा सर्वात मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. इंग्रजी लष्कराला उंच घोडा हवा होता. तो ऑस्ट्रेलियातून 'वेलर' नावाने जहाजे भरभरून येऊ लागला. इथल्या घोड्यांना अरबी आणि थरोब्रेड नर दाखवण्याचा सपाटा लागला. संकराची शिंगरे उंच झाली, पण जुन्या रक्ताची ओळख पुसत गेली. नंतर टांगे आले, टांग्यांच्या जागी एसटी आणि रिक्षा आल्या. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून ३.४ लाखच उरल्याचे दिसले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती.

एवढे होऊनही भीमथडी शिल्लक राहिला, याचे श्रेय राजेरजवाड्यांना नाही, हौशी श्रीमंतांनाही नाही. ते भटक्या मेंढपाळ धनगरांचे आहे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघालेला धनगर पावसाळ्याच्या तोंडाशी परततो. या सगळ्या महिन्यांत त्याचे घर घोड्याच्या पाठीवर असते. मेंढरे कोंडायची वाघर, पिठाची पोती, भांडी, अंथरुणे हे सगळे दोन्ही अंगांना तोलून बांधलेले. त्यावर झोळीत नुकती जन्मलेली, चालू न शकणारी कोकरे. कडेला पाय बांधलेल्या कोंबड्या. कधी सगळ्यांच्या वर एखादे लहान मूल. घोड्याची दोरी बहुतेक वेळा बाईच्या हातात असते. पुरुष मेंढरांमागे, बाया घोड्यांबरोबर, अशी ही वाट चालते. अशा कामाला उंच, तापट, चंदीवर पोसलेला घोडा कुचकामी. थोराड गाठोडे जमिनीवरून उचलून सहज पाठीवर टाकता येईल इतक्याच उंचीचा आणि कोंबडी फडफडली तरी न बिथरणारा घोडा लागतो. कुणी शास्त्र म्हणून नव्हे, गरज म्हणून ही निवड पिढ्यानुपिढ्या केली, आणि जात टिकली.

मान्यतेचा रस्ता याच धनगरवाड्यांवरून गेला. बारामतीचे अश्वपालक रणजित पवार आणि अखिल भारतीय भीमथडी अश्व संघटना यांनी पाठपुरावा केला. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील शास्त्रज्ञांनी धनगरांच्या घोड्यांची शरीरमापे घेतली, डीएनएचे नमुने तपासले, आणि हा घोडा इतर देशी जातींपेक्षा वेगळा असल्याचे दाखवून दिले. नोंदणीमुळे जनावर वाचत नाही, पण काय वाचवायचे ते ठरते. कोणत्या मापाचा, कोणत्या वळणाचा घोडा भीमथडी म्हणायचा याला आता आधार आहे. इथून पुढे पैदास करणाऱ्याचे काम सुरू होते.

घोड्याचा नाद सहसा लहानपणीच लागतो. यात्रेत नाचणारा घोडा दिसतो, लग्नाच्या वरातीतली घोडी दिसते, गावातल्या एखाद्या पाटलाच्या दावणीला खरारा करायला मिळतो, आणि मग तो माणूस जन्मभर त्यातून सुटत नाही. मराठवाड्यातल्या अशा माणसांचे तीर्थ म्हणजे माळेगावची यात्रा. परभणीच्या पालम तालुक्याला लागून असलेल्या नांदेडच्या लोहा तालुक्यात, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास, खंडोबाच्या नावाने ती भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार बसतो. उत्तरेला तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार दत्तजयंतीला सुरू होतो. अकलूजचा घोडेबाजारही आता नावाजलेला आहे. या बाजारांत किंमत ठरते ती उंची, रंग, रवाल चाल आणि अंगावरचे भोवरे पाहून. देवमण हा शुभ भोवरा असलेला घोडा भाग्याचा मानतात; नको त्या जागी भोवरा किंवा गोम निघाली तर चांगला घोडा मातीमोलाने जातो. हौसेच्या गिऱ्हाइकाला हे सगळे चालेल. जात राखणाऱ्याला चालणार नाही. केसांच्या वळणाचा घोड्याच्या पायांशी, दमाशी किंवा स्वभावाशी काही संबंध नाही, आणि आधीच थोड्या उरलेल्या जातीतून भोवऱ्यापायी एक सुदृढ घोडी बाद करणे म्हणजे एक वंश बाद करणे. उंचीचा मोह तर त्याहून घातक. भीमथडी घोडीला मारवाडी नर दाखवला की शिंगरू उंच निघते, चार पैसे जास्त आणते, आणि भीमथडीचे रक्त एका पिढीत निम्म्यावर येते.

दुसरा धोका प्रेमापोटीच येतो. घोडेवाल्याचा एखाद्या नरावर जीव जडतो. चाल, मान, डोळा, सगळे मनासारखे. मग सगळ्या घोड्यांना तोच. इथे थोडे गणित समजून घेणे भाग आहे. आनुवंशिकतेच्या शास्त्रात कळपाची खरी संख्या डोकी मोजून धरत नाहीत. पैदाशीचे नर गुणिले माद्या गुणिले चार, आणि त्याला नर-माद्यांच्या बेरजेने भागायचे. जे येते ती प्रभावी संख्या. एक नर आणि वीस घोड्या असतील तर ८० भागिले २१, म्हणजे चारसुद्धा नाही. दावणीला एकवीस जनावरे, पण वंशाच्या हिशेबात जेमतेम चार. त्याच वीस घोड्यांना पाच वेगवेगळे नर दिले तर संख्या १६ वर जाते. पहिल्या परिस्थितीत दर पिढीला सगोत्रपणा सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. दुसऱ्यात ३ टक्क्यांच्या आसपास. पशुपैदाशीत ही वाढ दर पिढीला १ टक्क्याच्या आत ठेवावी असा संकेत आहे, आणि त्यासाठी प्रभावी संख्या किमान ५० लागते. १ टक्क्याची ही मर्यादा ओलांडली की घोड्या उलटतात, शिंगरे अशक्त निपजतात, दडलेले दोष वर येतात.

म्हणूनच दुर्मीळ जातीची पैदास एकट्या माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही, त्याची पागा कितीही मोठी असो. एका माणसाने वीस घोड्या आणि एक नर पाळण्यापेक्षा दहा माणसांनी प्रत्येकी दोन घोड्या आणि एक-एक वेगळ्या वंशाचा नर पाळला, आणि नर आपापसांत फिरवले, तर जातीचे जास्त भले होते. शिलेदारांच्या काळी गावोगाव नेमके हेच घडत होते.

जगात जिथे जिथे अशा जाती परतल्या, तिथे हे दिसते. इंग्लंडमधला क्लीव्हलँड बे हा गाडीचा घोडा १९६० च्या सुमारास संपत आला होता. शुद्ध रक्ताचे चारच नर उरले होते. १९६२ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी मलग्रेव्ह सुप्रीम नावाचा नर परदेशी जाऊ न देता विकत घेतला. त्यांनी तो आपल्या तबेल्यापुरता ठेवला नाही. इतरांच्या घोड्यांसाठी खुला केला. पंधरा वर्षांत शुद्ध नरांची संख्या ३६ झाली. इराणमध्ये लुईझ फिरोज या अमेरिकन बाईंना १९६५ मध्ये कॅस्पियन समुद्राजवळच्या आमोल भागात ओझी ओढणारे बुटके, नाजूक बांध्याचे घोडे दिसले. लहान मुलांना बसायला योग्य घोडा त्या शोधत होत्या. त्यांनी ते जमवले, पैदास केली, काही परदेशी पाठवले. पुढे इराणात क्रांती आणि युद्धाची वर्षे आली तेव्हा बाहेर गेलेल्या त्याच घोड्यांमुळे कॅस्पियन जात सुरक्षित राहिली. फिरोज यांचे घोडेही गाड्यांना जुंपलेलेच सापडले होते, धनगरांच्या तट्टांसारखे कामकरी.

परभणीसारख्या जिल्ह्यात भीमथडी ठेवू पाहणाऱ्याने वर्षभराचा क्रम जाणून घ्यावा. घोडी दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. आपल्याकडे फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंतचा काळ अनुकूल. माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे, त्यात पाच ते सात दिवस माज. तीन वर्षांच्या आत घोडी दाखवू नये. फळल्यावर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी करून घ्यावी. केवळ गाभणपणाच्या खात्रीसाठी नव्हे, जुळे आहे का ते पाहण्यासाठी. घोडीला जुळी झेपत नाहीत, बहुधा दोन्ही जातात, म्हणून डॉक्टर वेळीच एक गर्भ नष्ट करतात. गाभणकाळ सुमारे अकरा महिने.

घोडी बहुधा रात्री विते आणि भोवती गर्दी असली तर कळा रोखून धरते. अंधुक उजेड, कोरड्या गवताचे अंथरूण आणि लांबून लक्ष एवढेच तिला हवे असते. त्यानंतरचे तीन तास मोजून पाहायचे: तासाभरात शिंगरू उभे राहिले पाहिजे, दोन तासांत प्यायले पाहिजे, तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. वार अडकली तर घोडीला जंतुसंसर्ग होतो आणि खुरांना सूज येते. हाताने ओढू नये, पशुवैद्यक बोलवावा. आईच्या पोटात शिंगराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती सगळी पहिल्या चिकातून येतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता पहिल्या दिवसातच संपते. अशक्त शिंगराला पहिल्या सहा-आठ तासांत बाटलीने का होईना, चीक पोटात गेलाच पाहिजे. पाच-सहा महिन्यांनी शिंगराचे दूध तोडावे.

चाऱ्याच्या बाबतीत मराठवाड्यात एक गोष्ट फार जपावी लागते. हा ज्वारीचा मुलूख. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले आहेत आणि दावणीला कडबा ठरलेलाच. वाळलेला, स्वच्छ कडबा कुटी करून घोड्याला थोडा चालतो. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला घालू नये. कोवळ्या ज्वारीतले सायनाइड जनावराला मारते हे शेतकऱ्याला माहीत असते. घोड्याच्या बाबतीत त्याखेरीज सतत हिरवी ज्वारी खाल्ल्याने मूत्राशयाचा दाह आणि मागच्या पायांतली शक्ती जाणे असा आजार होतो. बैल जे पचवतो ते घोडा पचवत नाही. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे बुरशी लागलेला कडबा किंवा एकदम जास्त चंदी पडली की पोटशूळ उठतो आणि काही तासांत जीव जातो. भीमथडीच्या वजनाच्या घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा पुरतो. हरभरा भिजवून, थोडा, आणि कामाच्या मानाने. पावसाळ्यात काळ्या चिकण जमिनीत उभ्या घोड्याचे खूर सडतात, म्हणून मुरमाचा उंच ओटा आणि रोजची खूरसफाई हवी. नालबंद जिल्ह्यात सहज मिळेनासे झाले आहेत; मालकाने निदान खूर तासायला तरी शिकून घ्यावे.

रोगांत दोन नावे लक्षात ठेवावीत. सर्रा हा चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग. वारंवार ताप, पोटाखाली सूज, खंगत जाणे ही त्याची लक्षणे, आणि वेळेत औषध मिळाले तर घोडा वाचतो. ग्लँडर्स माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही; चाचणीत दोषी ठरलेला घोडा २००९ च्या कायद्यानुसार नष्ट करावा लागतो. म्हणून यात्रेतून आणलेले जनावर रक्ततपासणी होईपर्यंत आपल्या घोड्यांपासून लांब, वेगळ्या बादलीवर ठेवावे. परभणीत १९७२ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठवाड्यात ही मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग घोडेवाल्यांनी जितका करायला हवा तितका होत नाही.

पैशाची बाजूही थोडी सुधारली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवे, खेचरे आणि उंट यांचा समावेश केला. पैदास केंद्र उभारणाऱ्या व्यक्तीला, बचत गटाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. राज्यांना वीर्यकेंद्र आणि मूळ पैदास कळपासाठी १० कोटी रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तंत्रज्ञानही जवळ आले आहे. बिकानेरच्या केंद्रात मे २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून 'राज-प्रथमा' हे मारवाडी शिंगरू जन्मले. एका चांगल्या घोडीची अनेक शिंगरे दुसऱ्या घोड्यांच्या पोटी वाढवता येतील, याची वाट त्यातून खुली झाली आहे.

तरीही धनगराची वाट बंद झाली तर हे सगळे अपुरे पडेल. कुरणे कुंपणात गेली, रस्ते रुंद झाले, बिऱ्हाड टेम्पोत जाऊ लागले की घोडी विकली जाते आणि तिच्याबरोबर निवडीची ती जुनी नजरही जाते. जातीची राखण करायची असेल तर अनुदान आधी त्या धनगरवाड्यावर पोचले पाहिजे, आणि भीमथडी नर सांभाळणाऱ्या मेंढपाळाला त्या नराबद्दल थेट पैसे मिळाले पाहिजेत.

परभणी-नांदेडकडच्या ज्या कुणाला घोड्याचा नाद आहे, त्याने या मार्गशीर्षात माळेगावला जावे, पण उंच घोड्यांच्या रांगेपाशी थांबू नये. मग भीमेकाठच्या धनगरवाड्यावर जावे, एखादी घोडी पसंत करावी, तिची आई कोण, बाप कोण, हे विचारून वहीत लिहून घ्यावे, आयाळीचे मुळासकट केस डीएनए तपासणीला द्यावेत. घोडी घरी आली की शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या वंशाचा नर कुणाकडे आहे ते शोधावे आणि आपले शिंगरू नर निघाले तर ते दुसऱ्याच्या घोड्यांसाठी मोकळे ठेवावे.